चुलीवर टांगलेला नाताळ

आमच्या पाड्यावर तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं भोपळ्याचं वाद्य, वाजवणारे तिघे होते, पण जामसरपासून पलीकडच्या गावांपर्यंत बोलावणं यायचं ते माझ्या वडिलांना. आणि त्याच पाड्यावरचा पहिला बी.ए. मी. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत, म्हणून आधीच सांगून टाकतो.

इंग्रजी नाताळगीतांचा नाद मला लावला आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स सिस्टरनी. त्या वसईच्या, ख्रिस्ती. तेव्हा मी जव्हारच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. त्यांच्या टेपरेकॉर्डरने एक कॅसेट खाल्ली होती, फीत आतड्यासारखी बाहेर लोंबत होती. "फेकून दे रे," त्या म्हणाल्या. मी घरी नेली. तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावली, भोकात बॉलपेन घालून फीत गुंडाळली आणि शेजाऱ्याच्या टेपवर लावून बघितली. आधी घुंगरांसारखा आवाज, मग ढोल, मग गिटार, आणि एक माणूस जीव तोडून ओरडतोय! देवाच्या जन्माचं गाणं हात जोडून, डोळे मिटून म्हणायचं असतं अशी माझी समजूत होती. हा गडी तर नाचायला लावत होता.

तिथून मी सुटलो. एकेक ओळ तीन-तीनदा मागे नेऊन वहीत उतरवायची, मग डिक्शनरी. एक झाड या गाण्यांत सारखं यायचं, त्याच्याखाली उभं राहून मुलगा-मुलगी एकमेकांचा मुका घेतात म्हणे. अर्थ काढला तर बांडगूळ! आमच्याकडे आंब्यावर बांडगूळ दिसलं की कोयता घेऊन चढतात. मी सिस्टरना विचारलं, "यांना दुसरं झाड मिळालं नाही का?" त्या इतक्या हसल्या की हातातली गोळ्यांची पुडी सांडली.

बी.ए. झालो, जव्हारलाच कारकून म्हणून लागलो आणि पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला. आठवडाभर जव्हारला खोलीवर राहायचं, रविवारी घरी यायचं. नाशिकला गेलो की जुन्या कॅसेटींच्या गाड्या धुंडाळायच्या. सिस्टर सुट्टीहून येताना वसईहून दोन-तीन आणायच्या. चार वर्षांत चाळीसच्या वर कॅसेटी झाल्या. जगाला ठाऊक असलेली गाणी फार तर दहा-बारा. प्रत्येक गायक तीच आपापल्या चालीत म्हणतो. माझा जीव होता तो कुणी न ऐकलेल्यांवर. एका कॅसेटला कव्हरच नव्हतं, त्यामुळे गायक कोण ते आजही माहीत नाही. त्यात एक ट्रकवाला बर्फात अडकलाय आणि घरी बायको दिवा लावून बसलीय. पावसाळ्यात दरड आली की मोखाड्याच्या घाटात एसटी अडकायची, तेव्हा मला तोच आठवायचा.

तर एका वैशाखात, भर दुपारी, मी अंगणात हेच गाणं लावून बसलो होतो. बाबा समोर खाटेवर. ते आमच्या घरच्या बोलीत बोलत, इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो.

"हे कशाचं गाणं?"

"सिस्टरच्या देवाचा जन्म झाला, त्या सणाचं."

"कधी असतो तो सण?"

"डिसेंबरात. थंडीत."

बाबांनी उठून टेपचं बटण बंद केलं. "आणि तू वैशाखात वाजवतोस? चौदा-पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात काय केलंस?"

आता त्यांचा नेम सांगायला हवा. नवं भात पिकल्याशिवाय तारपा खाली उतरायचा नाही. एकदा एक साहेब गाडी घेऊन आले, ऐन उन्हाळ्यात, नुसती एक फुंकर मारून दाखवा म्हणाले. बाबांनी चहा पाजला, फुंकर मारली नाही. सणाचं गाणं अवेळी वाजवलं की सणाला त्यात काही उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला. ही बाजारातली गाणी आहेत, कॅसेट आहे, जिवंत वाजंत्री नाही, वगैरे. आई आतून म्हणाली, "बी.ए.ला उत्तर येत नाही वाटतं." मनातून पटलं होतं. मी सगळ्या कॅसेटी जुन्या लुगड्यात बांधल्या आणि गाठोडं ओटीच्या वाशाला टांगलं. आता एकदम नाताळला.

हे सिस्टरना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, नाताळची सुट्टी नाही मिळाली. यंदाही दिसत नाही. पुढच्या उन्हाळ्यात बदली होईल बहुतेक." मी तिथल्या तिथे शब्द दिला. "यंदाचा नाताळ आमच्याकडे. सगळ्या कॅसेटी, पहिलीपासून शेवटच्यापर्यंत. ट्रकवाल्यासकट." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पावसाळ्यात एका रविवारी घरी आलो तर ओटीवर गाठोडं नाही. मी एकेक वासा बघू लागलो.

"आहे," बाबा म्हणाले. "ओटीवर सादळलं असतं. माझ्या तारप्याशेजारी ठेवलंय."

मला काय आनंद झाला! बाबांनी माझ्या गाण्यांना तारप्याच्या मांडीला मांडी लावून बसवलं होतं. त्या मानाच्या भरात मी एक गोष्ट विसरलो, जी आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पावसाळ्यात तारपा चुलीच्या वर, धुरात टांगलेला असतो. धुराने त्याच्या भोपळ्याला कीड लागत नाही.

नवं भात आलं, तारपा खाली उतरला. गाठोडं तिथेच राहिलं, कारण त्याचा सण यायचा होता. नाताळच्या आदल्या सकाळी मी ते उतरवलं. लुगडं काळं, हात काळे, कॅसेटी काळ्या. चुलीच्या बाजूच्या सात-आठ तर उष्णतेने पापडासारख्या वाकल्या होत्या.

"बाबा, हे काय केलंस?"

"काय केलं? एकीला तरी कीड लागली का?"

"कॅसेटला कीड लागत नाही!"

"मग तर उत्तमच."

पण माझा चेहरा बघून ते उठले. गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि उपकेंद्राकडे चालू लागले. मी टेप घेऊन मागे.

सिस्टरनी ओसरीवर एकेक कॅसेट मांडली. "ग्रॅज्युएट, ही गाणी आहेत की वांगी भाजलीस?" मग आतून स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला. आम्ही तिघं पुसत बसलो. बाबांची बोटं सगळ्यात हलकी, तारप्याच्या भोकांवर बसलेली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. वाजतील की नाही, हे लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि सणाआधी लावायची नाहीत, हा नेम आता मीच पाळत होतो.

कॅसेटी तिथेच मांडलेल्या, म्हणून नाताळही उपकेंद्राच्या ओसरीवरच ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर नवी साडी नेसून बाहेर आल्या. मी पहिली कॅसेट घातली. खरखर. नुसती खरखर. सिस्टरनी साडीचा पदर बोटाला गुंडाळला. मग घुंगरं वाजली.

सत्तावीस वाजल्या. काही पाण्यातून आल्यासारख्या, पण वाजल्या. ट्रकवाल्याचा आवाज पार बसला होता. इतकी थंडी लागल्यावर बसणारच, असं सिस्टर म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या. गोळ्या न्यायला आलेले लोकही गोळ्या घेऊन तिथेच टेकले. बाबा खांबाला पाठ लावून ऐकत होते. एका गाण्यात सॅक्सोफोनवाल्याने लांबलचक तान घेतली. बाबांनी मान हलवली.

"हा मध्येच दम घेतो. कच्चा आहे."

तारपावाला वाजवता वाजवता नाकाने श्वास घेतो, सूर तुटू देत नाही. त्या हिशोबाने तो गोरा कच्चाच.

"बंद करू?"

"बंद कशाला? परत लाव. आणखी कुठे कुठे दम घेतो बघू."

सिस्टरची बदली उन्हाळ्यात झाली. जाताना त्यांनी आपल्या साऱ्या कॅसेटी मला दिल्या. त्या मी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, चुलीपासून लांब.

पुढच्या वर्षी नवं भात आलं. तारपा उतरवून पुसता पुसता बाबांनी हळूच विचारलं, "तुझ्या त्या दम घेणाऱ्या माणसाला अजून किती अवकाश आहे?"

"तीन महिने."

"एखादं गाणं आधी नाही चालणार?"

"नाही बाबा."

त्यांनी आतल्या दिशेने तोंड केलं आणि आईला ओरडून सांगितलं, "या पोराला शिकवलं ते चुकलंच!"