उषाच्या वर्गातले पेन ड्राइव्ह

बातमी आली तो बुधवार होता आणि मी घरी बसून पेपर तपासत होतो. अकराच्या सुमारास उषाचा ऑफिसातून फोन आला. "अहो, राजेश्वरराव त्यांचा पेन ड्राइव्ह न्यायला येतील. टेबलाच्या खणात आहे, निळा. देण्याआधी त्यातली माझी फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. विसरू नका."

"बरं," मी म्हटलं.

ती फाइल म्हणजे चाळीस पानं होती. सुलतान बाजारातलं उषाचं लहानपण, वडिलांची सरकारी कचेरी, आईची शेजारच्या तेलुगू बायकांशी मराठीतून चालणारी भांडणं. आमची मुलगी रसिका इंग्रजी शाळेत शिकली. मराठी फडाफडा बोलते, पण वाचताना एकेक अक्षर लावत जाते. तिला वाचता यावं म्हणून उषाने मुद्दाम लहान लहान वाक्यांत लिहिलं होतं. रसिकाच्या वाढदिवसाला द्यायचं होतं, म्हणून तिला याचा पत्ताही नव्हता. आठवड्यापूर्वी आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. उषाने घाईने राजेश्वररावांचा पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि फाइल त्यावर वाचवली. डिस्क नवी बसली, फाइल मात्र अजून त्या निळ्या पेन ड्राइव्हवरच होती. दुसरी प्रत नव्हती.

साडेअकराला राजेश्वरराव आले. नातीच्या बारशाचे फोटो भरायचे होते, खाली ऑटो थांबवलेली. माझी एका पेपरच्या मार्कांची बेरीज चालली होती. मी खण उघडला, पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला. ते जिना उतरत असताना मला आठवलं. म्हटलं, दोन गल्ल्यांपलीकडे तर राहतात. संध्याकाळी जाऊन आणू.

पाऊण वाजता पुन्हा ऑफिसातून फोन आला. आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. उषा जिन्यात कोसळली होती. हॉस्पिटलपर्यंतही पोचली नाही.

* * *

माणूस गेलं की त्याचे किस्से साचायला लागतात. असताना कुणी मोजत नाही. मग एकेक जण येतो आणि आपल्याकडचा एकेक ठेवून जातो. थोड्या दिवसांनी घरात बसायला जागा उरत नाही इतके होतात!

उषा दर शनिवारी दुपारी विद्यानगरच्या आमच्या घरी कॉम्प्युटरचा वर्ग घ्यायची. वर्ग म्हणजे तीन विद्यार्थी. कोर्टातून निवृत्त झालेले राजेश्वरराव. सुलतान बाजारात कापडाचं दुकान असलेल्या नलिनीताई. आणि कुकटपल्लीच्या एका कारखान्यात नोकरी करणारे बाबूराव, मूळचे शेतकरी घरातले. त्या काळात घरोघरी कॉम्प्युटर आले होते, पण ते वापरायचे कसे हे सांगायला कुणाला वेळ नव्हता. उषाला होता.

ती गेल्यावर पाच आठवड्यांनी तिघं शनिवारी नेहमीच्या वेळेला आले. "सवय आहे हो," नलिनीताई म्हणाल्या. रसिकाने चहा टाकला. मी ठरवलं होतं, आज राजेश्वररावांकडे पेन ड्राइव्ह मागायचा. पाच आठवडे मागितला नव्हता. न मागता फाइल तिथे आहे असं धरून चालता येत होतं.

* * *

सुरुवात नलिनीताईंनी केली, स्वतःपासूनच.

पहिल्या दिवशी उषाने त्यांच्या हातात पेन ड्राइव्ह दिला आणि सांगितलं, "मागच्या बाजूला खाच आहे, त्यात घाला. जोर लावायचा नाही." नलिनीताई कॉम्प्युटरच्या मागे वाकल्या आणि अर्ध्या मिनिटात उठल्या. "घातला. अगदी सहज बसला!"

स्क्रीनवर काहीच येईना. उषाने दोनदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी नाही. शेवटी तिने मागे डोकावून पाहिलं. पेन ड्राइव्ह इंटरनेटच्या वायरच्या भोकात आरामात बसला होता!

"ताई, ही त्याची जागा नाही."

"चाळीस वर्षं कापड विकतेय मी," नलिनीताई म्हणाल्या. "मापात बसतंय ना? मग दोष तुझ्या मशीनचा!"

* * *

नलिनीताईंचंच आणखी एक. उषाने शिकवलं होतं, पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असताना तो उपसायचा नाही. "तो जेवतोय असं समजा. भरल्या ताटावरून कुणाला उठवतो का आपण? खाली कोपऱ्यात सांगायचं, काढतोय म्हणून. त्याने हो म्हटलं की मगच काढायचा."

पुढच्या शनिवारी वर्ग संपला. राजेश्वरराव गेले, बाबूराव गेले. उषा भाजी घेऊन परत आली तरी नलिनीताई कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. समोरचा चहा गार.

"ताई, अजून इथेच?"

नलिनीताईंनी ओठांवर बोट ठेवलं. "श्शू! जेवतोय तो!"

त्या कंपनीच्या पेन ड्राइव्हचा दिवा कायमच लुकलुकायचा.

* * *

"हौ, पण खंडेनवमीचं सांगा ना," बाबूराव म्हणाले. मग स्वतःच सांगायला लागले.

बाबूरावांच्या घरी खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कोयता, स्कूटर, कारखान्यातले पाने. त्या वर्षी कॉम्प्युटर नवा आलेला. बाबूरावांनी पेन ड्राइव्हला आंघोळ घातली नाही एवढंच. टोपण काढून त्याच्या चकचकीत टोकाला ओलं हळदीकुंकू लावलं, वर चार अक्षता. अक्षता झटकल्या आणि प्रसाद म्हणून तसाच कॉम्प्युटरला लावून दिला!

पेन ड्राइव्ह गेला. कॉम्प्युटरची ती खाचही गेली. दुसऱ्या दिवशी बाबूराव दोन्ही घेऊन दारात उभे. "वहिनी, देवाचंच काम केलं हो. परेशान झालो."

उषाने टाचणीने खाच उकरली. आतून तांदळाचा अख्खा दाणा निघाला.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी तिने वर्गातल्या सगळ्या पेन ड्राइव्हची टोपणं काढून एका वाटीत गोळा केली आणि ती वाटी बाबूरावांच्या हातात दिली. "यंदा पूजा टोपणांची. देवाला चालतं, मी विचारलंय."

* * *

त्याच बाबूरावांनी मोठ्या मुलीची माहिती आणि फोटो पेन ड्राइव्हवर घालून नांदेडला नेले. मुलाकडच्यांनी मुद्दाम सांगितलेलं, आमच्याकडे कॉम्प्युटर आहे. सगळं घर कॉम्प्युटरभोवती गोळा झालं. बाबूरावांनी रुबाबात पेन ड्राइव्ह लावला. फोटोच्या चित्रावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. स्क्रीनवर एवढंच आलं, की फाइल सापडत नाही.

मुलाची आजी म्हणाली, "मुलगी कुठंय? मला तर नुसता बाण दिसायलाय!"

बाबूरावांनी तिथूनच फोन लावला तेव्हा उषाने विचारलं, "चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे?"

"हौ."

"मग तुम्ही फोटो नाही नेला. फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता नेलात. फोटो हैदराबादेत आहे."

बाबूरावांनी फोन हातात धरूनच मुलाकडच्यांना सांगितलं, "पत्ता आणलाय. चला, मुलगी तिथंच बघू!" आणि ते खरंच आले. लग्न झालं. बाबूरावांना आता पहिला नातू आहे.

चहाचे कप न्यायला आलेली रसिका दारातच ऐकत उभी राहिली होती.

* * *

मग नलिनीताईंनी राजेश्वररावांना चिमटा काढला. "आणि तुम्हाला उषाने उंबऱ्यावर उभं केलं होतं, ते?"

"मला नाही, माझ्या पेन ड्राइव्हला," राजेश्वरराव म्हणाले.

झालं होतं असं. राजेश्वरराव युनिव्हर्सिटीजवळच्या इंटरनेटच्या दुकानातून थेट आमच्याकडे आले आणि पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरकडे नेऊ लागले. उषाने हात आडवा घातला. "कुठून आलाय हा?" दुकानाचं नाव ऐकताच तिने तो दारातल्या स्टुलावर ठेवायला लावला. "तिथे दिवसभरात पन्नास पेन ड्राइव्ह लागतात. बाहेरून आलेल्याचे पाय आधी धुवायचे. व्हायरस तपासायचा, मगच घरात घ्यायचा."

राजेश्वररावांनी खाली पाहिलं. ते स्वतः चपलांसकट बैठकीच्या मधोमध उभे होते.

"तुमचं चालेल हो," उषा म्हणाली. "तुम्ही फक्त फरशी खराब करता!"

सगळे हसले. राजेश्वररावांनी चष्मा काढून पुसला.

* * *

"सर, आता तुम्ही सांगा एखादा," बाबूराव म्हणाले. "तुमच्याकडं तर पोतंभर असतील."

मी म्हटलं, "मला नाही आठवत काही."

आठवत होता. पण तो आम्हा दोघांतच राहिलेला होता आणि आजवर मी कुणाला सांगितला नव्हता. कॉलेजात एक प्राध्यापक निवृत्त होणार होते. त्यांचं मानपत्र मी लिहिलं, उषाने आमच्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप केलं आणि मी पेन ड्राइव्ह घेऊन सुलतान बाजारातल्या प्रेसमध्ये गेलो. तिथला कंपोझिटर तेलुगू, फार नम्र माणूस. दुसऱ्या दिवशी त्याने फ्रेम नीट कागदात गुंडाळून दिली. मी ती समारंभातच उघडली. सोनेरी महिरपीच्या आत पानभर कंस, टक्के, प्रश्नचिन्हं आणि मधूनच एखादा डॉलर!

मी फ्रेम छातीशी धरली आणि अख्खं मानपत्र तोंडपाठ म्हटलं. "सही राहिलीय" सांगून फ्रेम परत आणली. पहिल्या रांगेत उषा पदर तोंडाला लावून बसली होती.

प्रेसवाल्याला जाब विचारला तर तो हात जोडून म्हणाला, "सर, मुझे लगा मराठी ऐसीच रहती!"

घरी आल्यावर उषाने समजावलं. आपला मराठी फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरवर असतो, त्या माणसाच्या नाही. फाइलबरोबर फॉन्टही न्यावा लागतो, नाहीतर तिकडे असाच कचरा दिसतो. वर्गातल्या कुणालाच मराठीत टाइप करायचं नव्हतं. म्हणून हा धडा तिने शनिवारी कधी घेतलाच नाही.

* * *

"सर नाही सांगत तर मी सांगतो," राजेश्वरराव म्हणाले. ते खुर्चीत पुढे सरकले. "हा कुणालाच माहीत नाही. उषाताईंनाही सांगायचा राहिला.

"त्या बुधवारी मी इथून पेन ड्राइव्ह नेला ना, सर? घरी जाऊन लावला. आधी व्हायरस तपासला. काही सापडलं नाही. मग उघडून बघतो, तर आत एक अनोळखी फाइल! माझी नव्हतीच. उघडली. अहो, चाळीस पानं! आणि त्यात एक शब्द वाचता येईल तर शपथ. नुसते कंस, टक्के, प्रश्नचिन्हं. मला दरदरून घाम फुटला. म्हटलं, हाच तो! तपासणीतून निसटलेला!"

"अय्यो," नलिनीताई म्हणाल्या. "मग?"

"मग काय? मला पहिल्यापासून भीती. काही झालं की उषाताईंना फोन. त्या दिवशी ठरवलं, फोन नाही करायचा. इतकं शिकवलंय त्यांनी, आपणच करू. फाइल उडवली. तेवढ्यावर थांबलो नाही. अख्खा पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, मग बारशाचे फोटो भरले, काठोकाठ. आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने केलं सगळं! घड्याळ पाहिलं, साडेबारा. म्हटलं, संध्याकाळी फोन करून त्यांना सांगू. शाबासकी घेऊ."

बाबूराव खाली बघत होते.

"पाठ थोपटली असती तिने तुमची," नलिनीताई म्हणाल्या.

"चाळीस पानांचा व्हायरस, अंकल?" रसिकाने विचारलं.

"मोजून चाळीस!"

रसिका हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच, आणि हसू आवरेना म्हणून ट्रे खाली ठेवून दाराला टेकली. मग राजेश्वररावही हसायला लागले.

"बरोबर केलं ना, सर?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

राजेश्वररावांना मी अजून काही सांगितलेलं नाही. रसिकालाही नाही.