गयेत सोडलेली मेथी

मी काही मोठी भक्त नाही. बनशंकरी आमची कुलदेवी. देव्हाऱ्यात तिचा टाक आहे, पौषात तिचं नवरात्र बसतं आणि मी ते मुकाट्यानं पार पाडत आले, इतकंच. देवी आपल्याकडे बघते का, याबद्दल साठी उलटली तरी मला शंकाच होती. म्हणून पुढे जे झालं ते जसं झालं तसंच सांगते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

यजमान गेल्यावर हुबळीच्या बाजारातलं दुकान मी दिराकडे सोपवलं आणि काशी-गया करून आले. ही एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. गयेला पिंडदान झालं की एक भाजी आणि एक फळ जन्मभरासाठी सोडायची रीत आहे. बरोबरच्या बायकांनी आपापल्या सोयीनं सोडलं. कुणी कारलं, कुणी फणस. मला त्यांचं हसू आलं. मी मेथी, राजगिरा, चाकवत, झाडून साऱ्या पालेभाज्या सोडल्या आणि वर गूळही सोडला. भटजींनी पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. परत आल्यावर चार घरांत त्याचं कौतुक झालं. ते मला फार आवडलं, हे आज कबूल करते.

दहाएक वर्षांनी मी धारवाडला, सप्तापुरात मुलाकडे राहत होते. मुलगा कॉलेजात शिकवायचा. सून शैला शाळेत लागली होती, अजून कायम व्हायची होती. दिवाळी झाली आणि एका सकाळी मी न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. पाय घसरला असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला चक्कर आली होती आणि ती पहिली नव्हती. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची, तीही मी वयाच्या नावावर घातली होती. हुबळीत ऑपरेशन झालं, हाडात लोखंडी पट्टी बसली, रक्ताची बाटलीही चढली. हाड जुळत चाललं होतं, पण मी उठत नव्हते. वॉकर धरून दोन पावलं टाकली की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मला पुन्हा खाटेवर ठेवावं लागायचं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं तर ते पाहिजे त्याच्या निम्मं. काय काय खाता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळं खाते. शैलानं माझ्याकडे बघितलं. मग बाहेर जाऊन तिनं त्यांना काय ते सांगितलं असणार, कारण ते परत आत आले आणि खाटेजवळ उभे राहिले.

"अज्जी, हाडात लोखंड मी बसवलं. रक्तातलं तुम्ही खायला पाहिजे."

त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पालेभाजी, गूळ, डाळी रोज खायला सांगितलं आणि असंच पडून राहिलात तर उरलेलं आयुष्य खाटेवर जाईल, हेही स्पष्ट सांगितलं. गोळ्यांनी पोटात जळजळायचं, म्हणून मी एक दिवस घ्यायची आणि एक दिवस उशीखाली सारायची. भाजीचं तर नावच नको. गयेत सोडलेलं परत धरणं म्हणजे ज्यांनी कौतुक केलं त्यांच्यापुढे नाक कापून घेणं.

शैलाची रजा कधीच संपली होती. शाळेनं गुढीपाडव्यापर्यंत तिला अर्धा दिवस येऊ दिलं होतं. तोवर मी आपली आपण न्हाणीपर्यंत जाऊ शकले नाही, तर तिला नोकरी सोडणं भाग होतं. ती कधी बोलली नाही. पण रेडिओखाली घडी करून ठेवलेला कागद एकदा मला दिसला. वळणदार अक्षरात लिहिलेला राजीनामा होता, फक्त तारीख घालायची राहिली होती. त्या दिवशी मी टाकाकडे बघून मनातल्या मनात खूप बोलले. एवढं सोडलं, तरी तू मला उभीसुद्धा करत नाहीस, म्हटलं. सोडलं होतं गयेच्या देवापुढे आणि जाब विचारत होते बनशंकरीला.

पौषातली चतुर्दशी होती. त्या दिवशी आमच्या या देवीला भाज्यांचा नैवेद्य असतो, जितक्या मिळतील तितक्या. शाकंभरीच ती. सकाळची वेळ, घरात मी एकटी, दार नुसतं लोटलेलं. इरकल नेसलेली एक बाई केळीच्या पानानं झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभी राहिली. आमच्या घरमालकीण रत्नक्कांकडे प्रसाद द्यायला आली होती, पण त्या लेकीकडे कलघटगीला गेल्या होत्या. प्रसाद परत न्यायचा नाही, म्हणून ती आमच्या दाराशी आली. फळीवरची ताटली तिनं मला विचारून घेतली आणि वाढायला लागली. मेथी, राजगिरा, हरभऱ्याचा पाला, आणखी कितीतरी, आणि कडेला गुळाचा खडा.

मी तिला कानडीत सांगितलं की हे सगळं मी गयेला सोडलंय.

तिचा हात थांबला नाही. "प्रसादक्क ब्याड अनबारदरी, अव्वा," ती म्हणाली. प्रसादाला नको म्हणू नये. मग ताटली माझ्या मांडीवर ठेवत कानडीतच म्हणाली, "तुम्ही सोडलंत. आज आई स्वतः घेऊन आली. आता तिला काय सांगणार?"

मी खाल्लं. दहा वर्षांनी मेथीचा तो कडवटपणा जिभेला लागला आणि मी रडले. ती पातेलं झाकून निघून गेली. पुढे रत्नक्कांकडून कळलं, ती रायापूरच्या एका विणकराची बायको, दर वर्षी येते. म्हणजे त्यात गूढ असं काही नाही. एरवी दर वर्षी रत्नक्का घरी असतात, एवढंच.

दुपारी भीतभीत शैलाला सांगितलं. तिनं पायातल्या चपला काढल्या आणि विचारलं, "मग संध्याकाळी मेथी आणू?"

त्या दिवसापासून उशीखालच्या गोळ्याही पोटात जायला लागल्या. शिवरात्रीपर्यंत अंधारी यायची थांबली, रक्त वर चढलं. गोळ्यांचा गुण, डॉक्टर म्हणाले. मी वाद घातला नाही. पाडव्याच्या आठवडाभर आधी शैला शाळेतून आली, तेव्हा मी वॉकर धरून स्वयंपाकघरात गेले होते आणि खुर्चीवर बसून मेथी निवडत होते. काड्या मांडीवर पडत होत्या. तिनं इकडेतिकडे रद्दी शोधली, मग रेडिओखालचा कागद काढला, त्याची घडी उलगडली आणि माझ्यापुढे पसरला.

"ह्यावर टाका काड्या, आई."

सोडणं माझ्या हातात होतं, म्हणून मी ते मिरवलं. घ्यायला मात्र कुणापुढे तरी हात पसरावा लागतो, आणि तेवढंच मला साठ वर्षांत जमलं नव्हतं. देवीनं मला पायांवर उभं केलं की नाही, मला माहीत नाही. ती दारात आली, एवढं मी मानते. आता दर पौषात चतुर्दशीच्या सकाळी मी ताटली स्वतः धुऊन, पुसून दाराजवळ ठेवते.