दुसऱ्या भागाबद्दल दादाचं मत

आधीच सांगून टाकतो, दुसरा भाग चांगला आहे. जपानी राक्षसाच्या त्या जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमाचा दुसरा भाग. पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला. हे मी शाळेत होतो तेव्हापासून म्हणतोय आणि तेव्हापासून माझा मोठा भाऊ मला वेड्यात काढतोय. काढत होता, असं म्हणायला पाहिजे.

दोन्ही सिनेमे आम्ही पहिल्यांदा पाहिले ते गणपतीत, गल्लीत पडदा लावून. मंडळानं पौराणिक सिनेमांच्या कॅसेटी सांगितल्या होत्या, दुकानदारानं घाईत भलत्याच पाठवल्या. पडद्यावर राक्षस आला तेव्हा पुढच्या म्हाताऱ्यांनी चक्क हात जोडले, असेल पुराणातला कोणीतरी म्हणून. मग तो विजेचे खांब उपटायला लागला. भाषा जपानी, कोणाला ओ की ठो कळेना. तेव्हा दादा उठला, आरतीचा माईक घेतला आणि गल्लीला मराठीत गोष्ट सांगत सुटला. त्याला तरी कुठं काय कळत होतं! सगळं मनचं. पण माणसं पोट धरून हसली, आणि मग राक्षसानं शहर पेटवलं तेव्हा त्याच्या आवाजानं गप्पही झाली. दुसऱ्या दिवशी दुसरा भाग लावला, तोही त्याच्याच आवाजात. पुढं हा आवाजच त्याची रोजीरोटी झाला. पिंपळगावला कांद्याच्या लिलावात तो बोली पुकारायचा. ट्रॅक्टरांच्या रांगेच्या या टोकाला दादा बोलला की त्या टोकाचा शेतकरी मान वर करायचा.

मीही पिंपळगावलाच, द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजवर. दोघं भाऊ एकाच घरात, एकाच रस्त्यानं कामाला, आणि रस्ताभर भांडण कशावर, तर दुसऱ्या भागावर. बायकांनी आमचा नाद कधीच सोडला होता. रविवारी मात्र आम्हाला आमच्यासारखे आणखी दोघं भेटायचे. एक द्वारका सर्कलला स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा मित्र, आणि दुसऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक मॅडम, ज्यांच्याकडे असल्या सिनेमांचा सगळा साठा आहे. मखमलाबादकडे एका मळ्यात मिसळ मिळते, तिथं झाडाखालचं टेबल आमचं ठरलेलं. शेजारच्या टेबलावर प्लॉटचे भाव चाललेले असायचे आणि आमच्या टेबलावर कोणता राक्षस कोणाला चावला ते.

दादाचं म्हणणं असं, की पहिल्या भागात माणूस आणि राक्षस समोरासमोर आहेत, म्हणून भीती वाटते. दुसऱ्या भागात राक्षसाला राक्षस भेटला, मग माणसाला काम काय? कुस्तीच्या फडाला आल्यासारखं बघत बसायचं. शिवाय ती मारामारी इतक्या भराभर उरकलीय की जणू कोंबड्या झुंजतायत. आणि शेवट तर त्याला मुळीच सहन व्हायचा नाही. "बर्फात गाडला म्हणजे संपला का रे? फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी आहे ती, उद्या परत बाहेर येणार. पण तू पडलास कोल्ड स्टोरेजवाला! तुला वाटतं गार केलं की सगळं मिटलं."

मी म्हणायचो, अरे, त्यात मासळीच्या कंपनीत विमानातून मासे हेरायची नोकरी करणारी साधी माणसं आहेत. शहर जळतं, कारखाना जातो, तरी ती दुसऱ्या गावात ऑफिस थाटतात, एकत्र जेवायला बसतात, एकमेकांची चेष्टा करतात. हे खरं आहे की नाही? यावर दादा टेबलावर हात आपटायचा, रस्सा सांडायचा, आणि म्हणायचा, "दारात राक्षस उभा असताना जेवण कसलं जातंय गाढवा!" द्वारकेवाल्याला दुसऱ्या भागातला तो काटेरी, चार पायांचा राक्षस आवडतो, कारण तो हरणार हे दिसत असतानाही भिडतो. मॅडम म्हणायच्या, तुम्हा पुरुषांना राक्षसच दिसतात. कंपनीच्या रेडिओवर बसलेली ती मुलगी बघा की! तिची माणसं विमानात, आणि ही नुसती ऐकत बसलीय. ते तिथंच राहायचं, कारण दादाला मध्येच नवीन काहीतरी सुचलेलं असायचं.

मग त्याचा घसा बसला. बसला तो उठेचना. गुळण्या झाल्या, काढे झाले, शेवटी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल पण माणूस राहील. वहिनी ताडकन म्हणाल्या, "माणूस राहू द्या." दादा काहीच बोलला नाही. तेव्हा त्याला घोगरं का होईना बोलता येत होतं, तरी बोलला नाही.

आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. त्यावर वहिनींनी शिवलेलं मऊ फडकं असतं. नाकानं श्वास नाही म्हणून वासही येत नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र आणलं होतं, त्यातून पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आवाज यायचा. ते घेऊन तो एकदा मिसळीला आला. वाढणाऱ्या पोरीनं त्याच्या कानाशी वाकून, मोठ्यानं ओरडून विचारलं, "काका, काय पाहिजेऽऽ?" बिचारीचा काय दोष, तिला वाटलं ह्यांना ऐकू येत नाही. दादानं यंत्र खिशात घातलं ते पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासून फोनवर लिहून दाखवतो. जाड बोटं, चष्मा नाकावर घसरलेला. एका जोडाक्षरापाशी दोनदा चुकतो, पुसतो, परत लिहितो. घरात आम्हाला दम निघत नाही. तो लिहायला लागला की वहिनी सुरू, "चहा? औषध? पंखा लावू?" आणि कशालातरी तो मान हलवतो. मला आधी वाटायचं, वहिनींना कसं बरोबर कळतं. मग एकदा पाहिलं, चहा पुढ्यात ठेवला आणि तो तसाच निवला. चहा नकोच होता त्याला.

आणि मी काय वेगळा? परवा मॅडमनी दुसऱ्या भागाची स्वच्छ केलेली प्रत मिळवली. शनिवारी त्यांच्याकडे टीव्हीवर चौघांनी पाहिली. पावसासारख्या रेघा नाहीत, चेहरे लख्ख. दादा खुर्चीच्या टोकाला येऊन बघत होता. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, उद्या मिसळीला जुंपणार.

रविवारी बसल्या बसल्या द्वारकेवाल्यानंच काडी टाकली, "हं, दादा, आता तरी माना. दुसरा भाग भारी आहे." दादानं फोन काढला आणि लिहायला लागला. आम्ही थांबलो. आणि हे थांबणंच वाईट हो! आधी कधी कोणी कोणासाठी थांबलंय तिथं? तिघंही पावाचे तुकडे करत खाली बघत बसलो, तेराव्याला बसावं तसं. मिसळ गार होत होती. दादा लिहीत होता, पुसत होता. मला ते बघवेना. म्हटलं, त्याचं मत मला तोंडपाठ आहे, आपण हात द्यावा. "दादाला म्हणायचंय," मी सुरू केलं, "की मारामारी कोंबड्यांची आहे, आणि शेवटी तो बर्फ म्हणजे..." तोच आवेश, टेबलावर हातही आपटला. द्वारकेवाला खो खो हसला आणि लगेच उलटा भिडला, "अहो पण त्या काटेरीचं काय?" मीच दादाच्या बाजूनं उत्तर दिलं. झकास रंगलं.

मग माझं लक्ष गेलं. दादा लिहायचा थांबला होता. फोन टेबलावर उघडाच होता. त्यावर लिहिलेलं होतं, 'काल पहिल्यांदा त्या रेडिओवरच्या मुलीकडे बघितलं. ती'

एवढंच. 'ती'च्या पुढं काही नाही.

"ती काय, दादा?" मी विचारलं. मॅडमही पुढं वाकल्या, "लिहा ना, आम्ही थांबतो." दादानं आमच्या एकेकाकडे पाहिलं. रागावला असता तर मला परवडलं असतं. त्यानं शांतपणे सगळं पुसलं आणि दोन शब्द लिहून फोन माझ्याकडे फिरवला. 'तुझं बरोबर.'

"दादा पलटले!" द्वारकेवाल्यानं टाळी दिली. "जिंकलास रे भाऊ! जिलेबी सांगा!" माझ्या पाठीवर थाप मारली. दादा हसला, त्यानंही मान हलवली, जशी घरी चह्याला हलवतो तशी.

मला ढसाढसा रडावंसं वाटलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडलो ते असं फुकटात, वैतागून, पदरात टाकलेलं. त्याचं मत बदललं नव्हतं, निदान माझ्यासारखं तर नव्हतंच झालं. त्याच्या डोक्यात काहीतरी नवीन आलं होतं, जे मला कधीच सुचलं नसतं, आणि ते सांगण्यापेक्षा हरणं सोपं होतं. जिलेबी आली. तीही त्यानं माझ्या ताटलीत सरकवली.

परत निघालो. दादा माझ्या स्कूटरवर मागं, धुळीसाठी गळ्याला रुमाल बांधून. मागं बसलेल्या माणसाला लिहिता येत नाही, खाणाखुणाही करता येत नाहीत. द्वारकेच्या सर्कलला सगळं तुंबलेलं होतं. ट्रक, रिक्षा, मुंबईकडे निघालेल्या गाड्या. आम्ही अडकलो आणि माझं डोकं फिरलं.

"पहिला भाग भिकार आहे, दादा," मी म्हटलं.

मी पुढं रेटलं.

"राक्षस दिसायलाच अर्धा सिनेमा जातो. नुसतं घाबरवून सोडलंय. कळकट, रडका सिनेमा आहे. काय बघितलंस रे त्यात?"

शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. मला काय त्याचं! मी आणखी मोठ्यानं ओरडलो, "तुला सिनेमातलं काही कळत नाही! ऐकतोयस का? काही कळत नाही तुला!" मला फक्त एक गुद्दा हवा होता. चिमटा काढला असता तरी चाललं असतं.

त्याचा हात आला. माझ्या पाठीवर, हळू, दोनदा. रडणाऱ्या पोराला थोपटतात तसा.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवत होते, आणि मला गाडी पुढं काढता येईना.