डावीकडे सायकल, अहो!

"डावीकडे सायकल, अहो!"

मामांनी स्टिअरिंग गर्रकन उजवीकडे फिरवलं. सायकलवाला जे काही ओरडला ते काचेबाहेरच राहिलं.

"दिसली होती मला," मामा म्हणाले.

"हो ना. म्हणूनच त्याच्या अंगावर निघाला होतात."

मामी म्हणजे कुणाची सख्खी मामी नव्हे. शिवणाच्या खोलीतल्या मुली तिला तशी हाक मारायच्या, मग गल्लीही मारू लागली आणि नवऱ्याचे आपोआप मामा झाले. ती नर्सचे गणवेश शिवायची, मामा ते व्हॅनमधून हॉस्पिटलात पोचवायचे. गेल्या वर्षी मामांचा डावा डोळा अधू झाला. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. मामा म्हणाले, "तू लायसन्स काढ, त्या दिवशी चावी तुझी. तोवर काय धंदा बंद ठेवू?" तेव्हापासून मामी शेजारी बसून त्यांचा डावा डोळा झाली होती. घरी भाजी चिरताना बाहेर घंटी वाजली तरी तिच्या तोंडून "सायकल!" निघायचं.

आज तिची परीक्षा होती. नापास झाली तर उद्याही मामाच चालवणार, आणि एखाद्या दिवशी तिला ओरडायला उशीर होणार. सकाळपासून तिला भीती होती ती ह्याचीच.

परीक्षेच्या मैदानाच्या कडेला व्हॅन लावल्यावर मामीने चावी काढून पर्समध्ये टाकली. गाडी शिकवणारे मास्तर आपली छोटी गाडी घेऊन आधीच आले होते.

"मामी, परीक्षेला आलात की ऑपरेशनला?"

"ऑपरेशनला भूल तरी देतात हो."

"एकच ध्यानात ठेवा. मशीनचं पेडल सोडलं की सुई थांबते. गाडीला सुई नाही. थांबायचं म्हणजे ब्रेक दाबायचा. पाय नुसता उचलायचा नाही."

"अहो, जन्म गेला माझा पाय उचलण्यात!"

परीक्षा घेणारे साहेब सर्दीने बेजार होते. शिंकत शिंकतच ते छोट्या गाडीत मामीशेजारी बसले. "चला बाई, घ्या पुढे."

वळणं जमली. गाडी मागे घेणंही कसंबसं जमलं. मग चढ आला. गाडी अर्ध्यावर पोचली आणि साहेब म्हणाले, "थांबा."

मामीने क्लच दाबला. आणि उजवा पाय अलगद उचलला, कॉलरच्या टोकाशी सुई आल्यावर उचलायची तसा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग दाबून धरलं, जणू खालून कापड सरकेल.

सरकली ती गाडी. मागे.

"ब्रेक! मामी, ब्रेक!" मास्तर बोंबलले.

मामीने आरशात पाहिलं. उताराच्या पायथ्याशी मामा उभे होते. गाडी त्यांच्या डाव्या अंगाने येत होती आणि ते हा आरडाओरडा कसला म्हणून उजवीकडे मान वळवून शोधत होते.

साहेबांनी हँडब्रेक खेचला. गाडी मामांच्या कोपरापाशी थांबली. तेव्हा कुठे ते दचकून बाजूला झाले.

"बाई, नापास," साहेब नाक पुसत म्हणाले. "पुढच्या महिन्यात या."

मामी उतरली.

"जाऊ दे गं, मनाला लावून घेऊ नकोस," मामांनी हात पुढे केला. "आण चावी. गणवेश पोचवायचेत."

मामीने पर्स पाठीमागे धरली. ती साहेबांकडे वळली.

"साहेब, यांचं लायसन्स काढून घ्या."

"अगं ए! वेड लागलं का तुला?"

"यांना डावीकडचं दिसत नाही. आत्ता गाडी अंगावर आली तरी कळली नाही. साहेब, तुम्हीच तपासा."

"चारचौघांत?" मामांचा आवाज एकदम खाली आला. "चारचौघांत सांगतेस?"

"घरात सांगून झालं की!"

साहेब त्यांना आत ऑफिसात घेऊन गेले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मामांच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरून साहेब म्हणाले, "वाचा."

मामांनी मान पुढे काढून डोळा बारीक केला.

"अक्षरं जरा मोठी लावायची की," ते म्हणाले. साहेबांनी हात पुढे केला. मामांनी खिशातून लायसन्स काढलं आणि मामीकडे न बघता त्या हातावर ठेवलं.

बाहेर आल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "चावी द्या मामी. माल पोचवून व्हॅन मी घरी आणून सोडतो."

दोघं पायी निघाली. मामी त्यांच्या डाव्या बाजूला. एक कोपरा गेला, दुसरा गेला, मामांच्या तोंडून शब्द नाही. आता हा माणूस आपल्याशी जन्मात बोलणार नाही, या विचाराने ती घाबरली. ही भीती नवीनच होती.

"बोला ना काहीतरी. शिव्या तरी द्या."

रस्ता ओलांडायच्या जागी मामा थांबले.

"काय बोलू?" ते म्हणाले. "चढावर थांबल्यावर आधी हँडब्रेक ओढायचा असतो. एवढंही शिकवलं नाही त्या मास्तरड्याने?"