नळीला गुंडाळलेलं ओलं फडकं

मार्चमधला दुसरा मंगळवार, सकाळचे साडेअकरा. तारनाक्याची आमची प्रयोगशाळा, तिसरा मजला. हजर : मी (वय बावन्न, मजल्याची इन्चार्ज), पीएचडी करणारी स्वप्ना, अटेंडंट युसूफभाई. बस्स.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असं लिहवत नाही… जे झालं ते क्रमाने सांगते.

स्वप्ना दवण्याचं तेल काढत होती. पाल्यातून निघालेली वाफ वरच्या काचेच्या नळीत जाते, नळीभोवती गार पाणी फिरतं, वाफेचं पाणी होतं आणि त्यावर तेलाचा पातळ थर साठतो. हे तेल जंतूंवर किती चालतं ते तपासलं की तिचा प्रबंध पुरा होणार होता. पाला शेवटचाच. हंगाम संपलेला, फेलोशिपही संपत आलेली.

तेवढ्यात फायर ड्रिलची घंटा झाली. ड्रिलचा तक्ता मी सकाळीच भरून ठेवायचे, वेळ वाचायचा. ‘हीटर बंद’समोर टिक होती. मी कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, सगळे खाली.

मैदानात हजेरी घेताना सवयीने तोंडातून निघालं, “यादगिरी?”

यादगिरी आमचे जुने अटेंडंट, संक्रांतीनंतर वारले. यादीतलं नाव तसंच राहिलेलं.

“उनो उप्परच होंगे, मॅडम,” युसूफभाई हळूच म्हणाले. “ड्रिलकू कब उतरे उनो? भट्टी अकेली नक्को छोडो बोलते थे.”

खरं होतं. त्यावरून मी त्यांना मेमोसुद्धा दिला होता. तर हसून म्हणाले, “तुमारे लिस्टांकू हातां हैं क्या, मॅडम?”

स्वप्नाचा चेहरा उतरला. “मॅडम, हीटर तुम्ही बंद केला ना? मी तुमची टिक बघून निघाले.”

टिक सकाळची होती, हीटरला मी हातही लावला नव्हता. ड्रिलमध्ये पाण्याची मोटर बंद करतात — म्हणजे नळीभोवतीचं पाणीही थांबलेलं, वाफेबरोबर सगळं तेल उडून जाणार. आणि चाळीस मिनिटं कोणी वर सोडेना.

वर आलो. कुलूप जसंच्या तसं. आत दवण्याचा घमघमाट. नळ कोरडा. हीटरचं बटण बंद. काचेच्या नळीला ओलं फडकं गुंडाळलेलं, गाठ भिंतीकडे.

पाणी गेलं की यादगिरी असंच करायचे. ‘पद्धतीत बसत नाही’ म्हणून मीच ते बंद करायला लावलं होतं. तेव्हापासून ते गाठ भिंतीकडे करत… मला दिसू नये म्हणून.

तेल शाबूत होतं. स्वप्ना स्टुलावर बसून रडायलाच लागली. मी फडकं सोडायला गेले तर युसूफभाई म्हणाले, “रहने दो, मॅडम. ठंडा होन दो.”

दुसरी किल्ली ऑफिसच्या कपाटात असते. रजिस्टर पाहिलं, त्या दिवशी कोणी नेलेली नाही. आमच्या मजल्याची तिन्ही माणसं मैदानात होती, मीच मोजली होती. पुढे तेल तपासलं. प्लेटवर जंतू मरून थेंबाभोवती स्वच्छ गोल उमटले. स्वप्नाचा प्रबंध वेळेत सादर झाला. पण त्या दिवशी वर कोण होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

आता मी आधी टिक करत नाही. पुढच्या ड्रिलची यादी टाइप करायला घेतलीय. चौथं नाव काढायचं राहिलंय.