सरपंचाच्या सोप्यातलं इंटरनेट

मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून द्या. ज्यांचं काही गेलेलं नसतं त्यांना सोडून देणं सोपं जातं.

राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या नावानं जे काही यायचं, ते सरपंचाच्या घरी उतरायचं. नव्वदच्या दशकात आधी रंगीत टीव्ही आला. पंचायतीची कचेरी गळत होती, म्हणून तो ‘तात्पुरता’ सरपंचाच्या सोप्यात ठेवला. सोपा म्हणजे घराची पुढची लांब खोली, येणारा-जाणारा बसतो ती. मग सार्वजनिक फोन आला, तोही तात्पुरता तिथंच. कचेरी गळतच राहिली. कौलं बदलायचं काम कुणी काढलं नाही आणि ते का काढलं नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

गावातली माणसं सोप्यात चढून फोन करायची. आम्ही बौद्ध वस्तीतली माणसं अंगणात थांबायचो आणि रिसीव्हर खिडकीतून बाहेर यायचा. आत येऊ नका, असं सरपंच कधीच म्हणाला नाही. तो गोड बोलायचा. ‘या की, लई दिसांनी,’ म्हणायचा आणि खिडकीकडं हात करायचा. माझे वडील मुंबईच्या काकांशी त्या खिडकीत वाकून बोलायचे, आत बसलेले चार जण आमच्या घरची दुखणी-भांडणं ऐकायचे. मी तेव्हा शाळेत होते. वडील फोन ठेवून नमस्कार करायचे, त्या नमस्काराचा मला राग यायचा.

पुढं मी गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, सरपंच तोच असताना, पंचायतीला संगणक आला आणि पाठोपाठ टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड. पंचायत समितीचे साहेब नारळ फोडून गेले. सातबारा, दाखले, निकाल, प्रवेशअर्ज, सगळं आता गावात मिळणार, असं भाषण झालं. टाळ्या वाजवून आम्ही बाहेर पडलो तोवर संगणक हातगाडीवरून सरपंचाच्या घराकडं निघालाही होता. कचेरी गळत होती ना.

माझी धाकटी बहीण गणितात हुशार. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि तिला डिप्लोमा करायचा होता, मुलींच्या तंत्रनिकेतनात. वस्तीतून त्या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं. अर्ज इंटरनेटवरूनच भरायचा होता. कोल्हापूरला जाऊन भरणार होतो, पण ऐन जुलैत भोगावती नदी पुलावर चढली आणि एसटी बंद झाली. शेवटची तारीख आली तरी पाणी उतरेना. राहिला सरपंचाचा सोपा.

ती सकाळी गेली. अंगणवाडी सुटल्यावर मी तिच्यासाठी भाकरी बांधून घेऊन गेले तर ती अंगणात, गोठ्याच्या वळचणीखाली, कागदांची प्लास्टिकची पिशवी पोटाशी धरून बसलेली. सरपंच सोप्यात पान लावत होता.

‘लाइन न्हाय बघ आज,’ तो मला म्हणाला. ‘पावसानं गेलीया. आली की हाक मारतो. बसू दे की तिला.’

बहीण हळूच म्हणाली, ‘आक्का, लाइन हाय. सकाळधरनं आत गाणी उतरवून घेत्यात. एक झालं की दुसरं वाजवून बघत्यात.’

मी खिडकीशी गेले. सरपंचाचा पुतण्या आणि त्याचे दोस्त पडद्यासमोर बसले होते, आणि नवं गाणं नुकतंच सुरू झालं होतं. मी म्हटलं, ‘आण्णा, चालू हाय की. पोरीचा शेवटचा दिस हाय.’

‘ते येगळं,’ सरपंच म्हणाला. ‘गाण्याचं येगळं, फारमाचं येगळं. तुला कळायचं न्हाय त्यातलं.’

मी पाया पडले नाही, एवढंच काय ते माझ्याकडून झालं. बाकी सगळं केलं. विनवलं, आवाज चढवला, परत विनवलं. त्याच्या बायकोनं आतून आम्हा दोघींना चहा पाठवला, कान तुटलेल्या कपांतून. तो मी गोठ्यात ओतला. दिवेलागण झाली तशी खरंच वीज गेली आणि सरपंच म्हणाला, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’

तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी कोल्हापुरातून अर्ज भरला, पण त्या साली यादीचे मार्क वर चढले आणि नंबर लागला नाही. वडील म्हणाले, जाऊ दे, त्यांच्याशी वैर घेऊन गावात राहायचं कसं. बहिणीनं तालुक्याला संगणकाचा क्लास लावला आणि घरी आली की भिंतीकडं तोंड करून झोपायची. मी मात्र त्या माणसाचं उट्टं काढायचं ठरवलं. चुलीपुढं बसले की तेच, पोरांना बडबडगीतं शिकवताना तेच. त्याच्या घरावरची ती काळी तार दिसली की परत तेच.

वाट मला त्याच्याच एका सवयीनं दाखवली. आमच्याकडं ग्रामसभा पहिल्या दिवशी कधी व्हायचीच नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा लागायचा, जिलेबी वाटली जायची, माणसं जिलेबी खाऊन वैरणीला जायची. मग गणपूर्ती नाही, म्हणजे पुरेशी माणसं नाहीत, म्हणून सभा तहकूब. आठवड्यानं तीच सभा परत भरायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असा कायदा आहे. चार माणसं असली तरी ठराव होतो. त्यामुळं गावाचे सगळे ठराव सरपंच, ग्रामसेवक आणि पान खाणारी पाच-सहा माणसं मिळून करत आली होती. अंगणवाडी कचेरीला चिकटून, म्हणून हा खेळ मी वर्षानुवर्षं बघत होते.

बहिणीचा क्लास संपला त्या साली विषयपत्रिका कचेरीच्या दारावर चिकटवली, ती मी वाचली. ‘संगणक व इंटरनेट जोडणीसाठी कायमची जागा ठरवणे.’ वरून पत्र आलं असणार, की तात्पुरतं किती दिवस चालणार. सरपंचाला आता आपला सोपाच ठरावानं कायम करून घ्यायचा होता.

मी कुणालाही चिथावलं नाही. उलट वस्तीतल्या बायकांना सांगितलं, पंधरा ऑगस्टला कुणी थांबायचं नाही, जिलेबी घ्यायची आणि घरी जायचं. पहिल्याच दिवशी आम्ही गोळा झालो असतो तर त्यानं ट्रॅक्टरनं माणसं आणली असती. सभा नेहमीसारखी तहकूब झाली, पुढच्या सोमवारी अकराला ठेवली. मी त्या सोमवारी अंगणवाडीत बाळांची वजनं घ्यायची आणि सुकडी वाटायची असं सगळ्या गावात कळवलं. वस्तीतल्या आया आल्या, मराठा गल्लीतल्या आल्या, धनगर वाड्यावरच्या आल्या. प्रत्येकीचं कुणी ना कुणी सरपंचाच्या अंगणात नाहीतर त्या पायरीवर ताटकळलेलं होतं. मी काटा बाजूला ठेवला आणि म्हटलं, ‘वजनं मागनं. आधी शेजारी चला.’

आम्ही आत शिरलो तेव्हा सरपंच सुपारी कातरत होता. कडेवर पोरं घेतलेल्या एवढ्या बाया बघून त्याचा अडकित्ता थांबला.

‘हितं काय हाय?’ तो म्हणाला. ‘सुकडी पलीकडं.’

‘ग्रामसभा हाय न्हवं?’ मी म्हटलं. ‘आम्हीबी मतदार हाओत.’

तो ग्रामसेवकाकडं वळला. ‘आज ऱ्हाऊ दे. तहकूब करा.’

ग्रामसेवक शिरोळकडचा, नवीन बदलून आलेला. पण बोलला. ‘तहकूब सभा परत तहकूब करता येत न्हाई, आण्णा. गणपूर्तीचा प्रश्नच न्हाई हिला. तुमीच सांगितलं होतं मला.’

मी जागा सुचवली. आमच्या वस्तीतलं समाजमंदिर. स्लॅबचं आहे, गळत नाही, टेलिफोनचा खांब दाराशी आहे. शाळेची रिकामी खोलीही सुचवता आली असती, तीही चांगली होती. मला ती सुचवायची नव्हती. मला त्या माणसाला आमच्या वस्तीत चालत यायला लावायचं होतं.

मराठा गल्लीतली एक म्हातारी कुरकुरली, ‘तिकडं, वस्तीत? आमच्या पोरींनी तिकडं जायाचं?’ तिच्या सुनेनंच तिला गप्प केलं. ‘ह्यांच्या पायरीवर दिसभर बसण्यापरास तिकडं गेलेलं काय वाईट?’ आणि तिनं हात वर केला. मग हातच हात. सरपंचाच्या बाजूच्या एकानं तर चुकून आमच्याच बाजूनं हात वर केला, मग तो खाली घ्यायला लाजला. बहिणीनं क्लास केला होता, तेव्हा संगणकावर तिनंच बसावं, हेही मी त्याच दमात घालून घेतलं. ग्रामसेवकानं ठराव वाचून दाखवला आणि सरपंचाला त्यावर सही करावी लागली.

त्यानं अंमलबजावणी लांबवली तेवढी लांबवली. पंचायत समितीत मी चपला झिजवल्या. शेवटी लाइनमन आला आणि सरपंचाच्या भिंतीवरचे खिळे एकेक उपटून तार सोडवायला लागला. मी अंगणवाडीतल्या पोरांना रांगेत उभं करून ते बघायला नेलं. असलं सुख मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही.

पुढच्या जुलैत परत तसाच पाऊस, तशीच नदी पुलावर आणि अर्जांची शेवटची तारीख. समाजमंदिरात पोरापोरींची गर्दी. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. छत्री धरून सरपंच आला, मागं त्याची नात, हातात कागदांची पिशवी. तिलाही डिप्लोमालाच जायचं होतं. तो आत चढला नाही, पावसात उभा राहिला.

‘तेवढं पोरीचं बघा,’ तो म्हणाला. मला त्यानं पहिल्यांदाच अहो-जाहो केलं.

मी या घडीची किती वाट बघितली होती ते माझं मला माहीत. अगदी गोड आवाजात म्हटलं, ‘लाइन न्हाय बघा आज, आण्णा. पावसानं गेलीया. बसा की जरा.’

त्याला कळलं. मान खाली घालून तो पायरीवर बसला, नात भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मला वाटलं, आता बसू दे अंधार पडेपर्यंत.

आतून बहिणीचा आवाज आला. ‘लाइन हाय. तिला आत पाठवा.’

मी वळून डोळे वटारले. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरीला शेजारी बसवलं, अर्ज भरला, पोरीनं जातीच्या रकान्यात केलेली चूक दुरुस्त केली, कागद छापून हातात दिला. आजोबा आणि नात छत्रीखाली निघून गेले. सगळं कसं पटकन झालं.

गर्दी सरल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, तुझं वर्ष खाल्लं त्या माणसानं, आणि तू त्याला असा मोकळा सोडलास? एवढं सगळं मी कुणासाठी केलं?

ती संगणकावर कापड टाकत होती. म्हणाली, ‘आक्का, त्याला बसवून ठेवला असतास तर त्याचं तोंड दिसभर माझ्याच समोर ऱ्हायलं असतं. एक दिस मी त्याच्या दारात बसून घालवलाय. आता माझ्या दारात त्याच्यापायी दुसरा कशाला घालवू?’

तिचं बरोबर होतं. तरीही माझं म्हणाल तर, तो मला अजून त्या पायरीवर बसलेला हवा आहे.