कमानीवरची काच

उस्मानचाचांचे ऋण माझ्यावर सर्वांत मोठे. नगरमधल्या आमच्या गल्लीतल्या जुन्या मशिदीचे ते गवंडी. आमचे घर एका खोलीचे, म्हणून त्यांनी मला हौदाशेजारच्या ओवरीत अभ्यासाला बसवले, आणि घराण्यातला पहिला पदवीधर, इंजिनिअर, त्या गार फरशीवर घडला. ओल्या चुन्याचा तुरट वास आला की आजही परीक्षा आठवते.

निजामशाहीतली ही मशीद बाहेरून लहानशी; आत मात्र काळ्या दगडाच्या तीन टोकदार कमानी, माथ्यावर चुन्यात घडवलेली कमळे, आणि उतरत्या उन्हात हौदातल्या पाण्याचा उजेड त्या पाकळ्यांवर थरथरत राहतो. तीन वर्षांपूर्वी मधल्या कमानीला चीर गेली, तेव्हा चाचांनी गूळ, बेलफळ आणि हिरड्याचे पाणी घालून चुना मळायला घेतला. दोन महिन्यांचे काम. मी म्हणालो, "सिमेंट भरू चाचा. आठ दिवसांत मोकळे."

"लई शिकला रे बेटा," ते हसले. "भिंतीतली ओल बाहेर कुठनं जायची, ते न्हाई शिकवलं कॉलेजात?"

विश्वस्तांनी माझे ऐकले. चाचा थापी धुऊन नेवाशाला लेकीकडे निघून गेले.

यंदाच्या पावसाळ्यानंतर सिमेंटच्या कडेने दगडाचे पापुद्रे सुटले, चीर पुन्हा उघडली. "चाचाने पूर्वी सांध्यांत भरलेला चुनाच कच्चा, पाडा आता कमान," विश्वस्त म्हणाले. ओल माझ्या सिमेंटने कोंडली होती, हे मी सांगितले नाही. फक्त महिनाभराची मुदत मागून चिरेवर काचेची पट्टी बसवली. काच तडकली तर कमान अजून सरकते आहे, मग पाडण्यावाचून उपाय नाही. रोज पहाटेची नमाज सुटली की मी शिडी चढतो. खाली माणसे माना वर करून उभी राहतात, आणि काचेवरून बोट फिरवताना मला माझाच श्वास ऐकू येतो.

आज दुपारी पत्र टाकले:

"तीर्थरूप चाचा,

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. कमान पुन्हा चिरली; पाडण्याआधी मी मागितलेली महिन्याची मुदत आज संपली. चिरेवर बसवलेली काच अखंड आहे, म्हणजे कमान सरकत नाही. उद्याच्या विश्वस्तांच्या बैठकीत, चूक तुमच्या चुन्याची नव्हती, माझ्या सिमेंटची होती, हे मी उभा राहून सांगणार आहे. त्यांनी तुमच्या चुन्याला नाव ठेवले, तेव्हाच हे सांगायला हवे होते. त्यानंतर कमानीचे काय ठरेल, ठाऊक नाही. तुम्ही याल का, हे विचारायचाही मला अधिकार नाही. हिरडा मात्र भिजत घातला आहे."